पंखावरचा दिवा

आज आपण विमानावरच्या एका लहान दिव्याचा इतिहास पाहू. विमानाच्या अंगावर बसवलेला हा दिवा पंखाच्या पुढच्या कडेवर झोत टाकतो. काम एकच, रात्री तिथे बर्फ धरतोय का ते वैमानिकाला दाखवायचं.

बर्फाने वजन वाढतं, पण त्याहून वाईट म्हणजे पंखाचा आकार बिघडतो आणि विमानाला उचलून धरणारा जोर घटतो. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने पंखाच्या कडेला फुगणारे रबरी पट्टे लावून पाहिले. पट्टा फुगला की बर्फ तडकून सुटतो. पण फुगवायचा कधी? बर्फ दिसल्यावर. म्हणून रात्री दिवा हवा. अमेरिकी नियमांनी त्याला अटही घातली, की त्याच्या चकाकीने वैमानिकाचे डोळे दिपता कामा नयेत.

३१ ऑक्टोबर १९९४ रोजी इंडियानातल्या रोझलॉनजवळ एटीआर-७२ विमान कोसळलं, ६८ माणसं गेली. शिकागोला उतरण्याची वाट पाहत ते घिरट्या घालत होतं. गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवरूप राहिलेल्या मोठ्या थेंबांचा बर्फ पट्ट्यांच्या मागे साचला होता. १९९६ च्या आदेशांनी असे पट्टे असलेल्या अनेक विमानांना बजावलं, की पट्ट्यांमागे बर्फ दिसला तर तिथून बाहेर पडा. आणि बर्फाची शक्यता असेल तर रात्री निघण्याआधी हे दिवे चालू हवेत. म्हणजे दिवा आता ‘निघा’ असंही सांगू लागला.

आता लॅन्सेअर फोर-पी पाहा. हौशी माणसाने सुट्या भागांतून बांधायचं, तरी केबिनमध्ये हवेचा दाब राखणारं हे विमान. उंच जायचं तर ढगांचे थर ओलांडावे लागतात, आणि बर्फ भेटतो तो तिथेच. अशी विमानं एक्सपेरिमेंटल वर्गात मोडतात, बर्फातल्या चाचण्यांचं बंधन त्यांना नाही. मालक दिवा आणतो, बसवतो. तारेसाठी केबिनच्या भिंतीला पाडलेलं भोक दाब धरेल असं बुजवायचं, दिव्याची उष्णता भोवतालच्या राळेला सोसते का पाहायचं, हे सगळं जमण्यासारखं आहे. धोका पुढे आहे. दिवा आहे म्हणून ढगात शिरायचा धीर येतो.

आपल्या न्यायशास्त्रात प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण. दिव्याने प्रत्यक्ष कळतं ते इतकंच, की बर्फ आहे. पंख तो किती सोसेल, हे चाचणीशिवाय कळत नाही. बर्फात उडायला प्रमाणित केलेल्या विमानात ती चाचणी आधी झालेली असते. घरी बांधलेल्या विमानात सहसा नसते. म्हणून अशा विमानात दिवा जरूर असावा, पण आम्ही म्हणू, त्याच्या उजेडात बर्फ दिसला की फक्त बाहेरची वाट शोधावी.