दोन वह्यांची गांठ

एका वहींत ग्राहकांचीं नांवें व दुसरींत त्यांच्या मागण्या असल्या, तर अमुक गांवच्या ग्राहकांनीं काय मागविलें हें सांगण्यासाठीं दोन्ही वह्या ताडून पाहाव्या लागतात. संगणकाच्या परिभाषेंत या ताडण्यास ‘जॉइन’ म्हणतात. ग्राहक १०,००० व मागण्या १,००,००० असून प्रत्येकाची प्रत्येकीशीं तुलना करावयाची म्हटल्यास ती १०० कोटि वेळां करावी लागेल!

इ. स. १९७० सालीं आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेंतील एडगर कॉड यांनीं असा विचार मांडला कीं, माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी आणि कोष्टकांमधील नातें प्रश्न विचारला जाईल तेव्हांच, समान मूल्यांवरून जुळवावें. जुन्या पद्धतींत नोंदींमधील दुवे आधींच बांधलेले असत आणि प्रोग्राम लिहिणारा त्या वाटेनें पावलोपावलीं जाई. तिचे अध्वर्यु चार्ल्स बाखमन यांच्याशीं कॉड यांचा १९७४ सालीं जाहीर वाद झाला. कॉड यांची कल्पना सुंदर असली तरी ती चालणार किती मंद, ही शंका कांहीं अनाठायीं नव्हती.

शंकेचें अर्धें उत्तर भलतीकडेच तयार होत होतें. विमानें बांधणाऱ्या बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेंत रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट यांनीं ‘बी-वृक्ष’ नांवाची सूचि, म्हणजे इंडेक्स, रचिली. १९७२ सालीं तिचा निबंध छापून आला. (‘बी’ कशाचा, हें त्यांनीं निश्चित असें सांगितलें नाहीं.) वृक्षाच्या प्रत्येक पानास १०० फांद्या धरल्या, तर तीन पायऱ्यांत १० लक्ष नोंदींपैकीं हवी ती हातीं लागते. मागण्यांवर ग्राहकक्रमांकाची अशी सूचि असली आणि त्या गांवचे ग्राहक अवघे ५० असले, कीं मागण्यांची वही ५० वेळां आरंभापासून चाळण्याऐवजीं ५० छोटे शोध पुरतात.

परंतु सर्वच ग्राहकांच्या मागण्या हव्या असल्या, तर हीच सूचि इतस्ततः इतक्या उड्या मारावयास लावते कीं, दोन्ही वह्या क्रमानें लावून एकदांच समांतर वाचणें स्वस्त पडतें. शिवाय प्रत्येक नव्या नोंदीबरोबर सूचिही सुधारावी लागते. ती फुकट मिळत नाहीं. मग कोणती वाट केव्हां धरावी? कॉड यांच्याच प्रयोगशाळेंतील ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पांत पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांचे सहकारी यांनीं १९७९ सालीं ही निवड यंत्रावरच सोंपविली. कोष्टकांत ओळी किती, त्या किती पानांवर पसरल्या आहेत, सूचि आहे किंवा नाहीं, यांवरून तें प्रत्येक वाटेच्या खर्चाचा अंदाज बांधून स्वस्त ती निवडी. दोन वर्षांनीं, १९८१ सालीं, कॉड यांस ट्युरिंग पारितोषिक मिळालें.