शेण, चुना आणि गेरू : पिंपळनेरकडच्या घरांची सजावट

पांझरा नदी सह्याद्रीतून उतरून सपाटीला लागते, तिथे पिंपळनेर वसले आहे. आज हे गाव धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात मोडते. इंग्रजी अमदानीत तालुक्यालाच त्याचे नाव होते. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा हा भाग पश्चिम खानदेशात गेला. पश्चिमेला डांगाकडचे डोंगर आणि कोकणा, भिल्ल, मावची वस्त्या, पूर्वेला काळ्या जमिनीची अहिराणी गावे. दोन मुलखांच्या सीमेवर असल्यामुळे इथल्या घरांतही दोन रीती दिसत आल्या. डोंगराकडे पाऊस जास्त, म्हणून तिथे उतरते छप्पर आणि कारवीचा किंवा बांबूच्या कामट्यांचा कुड. पूर्वेला पाऊस कमी होतो, तसे मातीच्या जाड भिंतींचे आणि सपाट छताचे धाबे दिसू लागते. दोन्हीकडे घर मातीचेच, आणि सजावटही मातीचीच.

चित्र काढून वस्तू देखणी करण्याची हौस या खोऱ्यात फार जुनी आहे. साक्री तालुक्यात कान नदीकाठी कावठे येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले, तेव्हा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची सावळदा संस्कृतीची वस्ती उजेडात आली. तापीकाठच्या सावळदा या गावावरून नाव पडलेल्या या संस्कृतीची खापरे रंगवलेली आहेत, आणि त्यांवर बाणाची टोके, गळ, मासे, जनावरे अशी रोजच्या जगण्यातली चित्रे आहेत. त्या काळच्या भिंती मात्र मातीत मिसळून गेल्या. मातीच्या घरावरची कला जपून ठेवण्यासाठी नसतेच. दर वर्षी पुसली जाते आणि दर वर्षी नव्याने काढली जाते.

गरिबाच्या घराची सजावट आणि डागडुजी ही इथे दोन वेगळी कामे नव्हती, आणि या परंपरेचे मर्म त्यातच आहे. मातीची भिंत उन्हाने तडकते, पावसाने धुपते, उंदीर तिला पोखरतात. ती लिंपली नाही तर दोन-चार पावसाळ्यांत ढासळते. लिंपायचेच आहे तर बोटांनी नक्षी उमटवून लिंपावे, पोतारायचेच आहे तर खाली गेरूचा पट्टा ओढावा, एवढाच सजावटीचा जादा खर्च. सामान आवारातले किंवा शिवारातले. पैसा जवळपास लागत नसे; लागत ते बाईचे श्रम, आणि त्यांची मोजदाद कुणी केली नाही.

भिंतीसाठी मातीत गव्हाचा भुसा घालून पाणी ओतायचे, पायांनी तुडवायचे आणि ते आंबू द्यायचे. आंबलेला गारा चिकट होतो आणि वाळल्यावर कमी तडकतो. अखेरच्या पातळ थरात शेण मिसळत. जनावराच्या पोटात न पचलेले चाऱ्याचे बारीक तंतू शेणात असतात. ते मातीला आतून धरून ठेवतात, म्हणून सारवलेली जमीन भेगाळत नाही आणि धूळ उडत नाही. सारवणारी बाई बसल्या बसल्या मागे सरकत जाते, आणि तिच्या तळहाताच्या अर्धगोल फटकाऱ्यांची एकावर एक चढलेली कमानदार नक्षी आपोआप उमटते. ओल सुकण्याआधी भिंतीलगत पांढऱ्या मातीची किनार काढली की खोली बांधीव दिसते. नवी भुई आधी धोपटण्याने ठोकून घट्ट करत. सारवणे आठवड्याला किंवा सणाच्या आदल्या दिवशी.

पांढरी माती ही खानदेशातली फार कामाची चीज. गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेतीला ‘काळी’ म्हणतात, ते मातीच्या रंगावरूनच. जुन्या वस्तीच्या टेकाडाची ही माती चिकण, पाणी सहजी न सोडणारी. धाब्याच्या तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर काटक्या आणि पाला, त्यावर चिखल, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर चोपून बसवत. वैशाखात आखाजी (अक्षय तृतीया) झाली की पावसापूर्वी हा थर पुन्हा घालावा लागे. तीच माती पाण्यात कालवून बायका भिंती पोतारत. ती आणणे मात्र सोपे नव्हते. एकाच खाणीतून वर्षानुवर्षे खणल्याने कपार आत आत जाई आणि दरड अंगावर कोसळण्याची भीती असे.

ज्याला चार पैसे परवडत तो चुना लावी. ओढ्याकाठची चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना होतो. पाण्यात टाकला की तो उकळतो, फुटतो आणि विरतो. विरलेला चुना फडक्यातून गाळून त्यात थोडा डिंक किंवा सरस घालत, म्हणजे हाताला पांढरे लागत नाही. पिवळट झाक मारायला चिमूटभर नीळ. ओला असताना हा हात पातळ, अगदी फसवा दिसतो. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याचा पुन्हा चुनखडीसारखाच कठीण पापुद्रा होतो आणि भिंत पांढरी फटफटीत निघते. ओल्या चुन्याच्या दाहकतेने भिंतीतले किडेही मरतात. खिडकी नसलेल्या घरात या पांढऱ्या भिंतीमुळे दारातला उजेड माजघरापर्यंत पोचे.

रंगकामाचे वेळापत्रक सणांनी ठरवलेले होते. दिवाळी सगळीकडचीच, खानदेशाचा स्वतःचा सण कानबाईचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी चौरंगावर मांडतात, रोटांसाठी गहू मोजून घेतात आणि सोमवारी तिला नदीवर नेऊन शिरवतात. तिच्या आधी घर झाडून, भांडी घासून, अंथरूण-पांघरूण धुऊन भिंतींना रंग द्यायचा हा दंडक. विखुरलेली भावकी या दिवशी एका घरात जमते, त्यामुळे पाहुण्यांच्या नजरेचाही धाक असतो. भर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला हात लावता येत नाही; म्हणून कानबाईचे काम घराच्या आतले, आणि धाब्याचे व बाहेरचे काम उन्हाळ्यातले, अशी वाटणी होत गेली.

लग्नघराची गोष्ट निराळी. दाराशी हळदीचे हात उमटवणे, ओल्या पाल्याचा मांडव, आंब्याच्या पानांचे तोरण एवढ्यावर पूर्वी भागे. पुढे दर्शनी भिंतीवर वधूवरांची नावे, हत्ती आणि कलश रंगवून घेण्याची चाल पडली. ही नावे पुढचा रंग लागेपर्यंत भिंतीवर राहत. रांगोळीला शिरगोळ्याची पूड विकत घ्यावी लागे. पश्चिमेकडच्या भातपट्ट्यात भाताचे तूस जाळून उरलेली पांढरी राखही कामाला येई.

सामान ठेवायच्या जागाही भिंतीतूनच काढलेल्या. कोनाडा, दिव्याची देवळी, खुंट्या, मातीची कोठी. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. कोनाड्याच्या कडेला गेरूचे ठिपके, कोठीवर ओल्या मातीचे उठाव. फाटक्या लुगड्यांची गोधडी दिवसा घडी करून रचली की तीच खोलीतली सर्वांत रंगीत वस्तू. सागवानी कोरीव खांब आणि तक्तपोशी ही पाटील-सावकारांच्या वाड्यांची शोभा. १८७८ च्या कायद्याने सरकारी जंगलावरचा ताबा घट्ट केल्यावर साग साध्या माणसाच्या हाताबाहेरच गेला.

विकतची सजावट आली ती कागदाच्या रूपाने. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला, मुंबईत १८९४ साली राजा रविवर्म्याचा. देवादिकांची रंगीत चित्रे गरिबाला परवडतील अशा भावात बाजारात आली. १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे रेल्वे सुरू झाली आणि असा माल धुळ्यापर्यंत सहज पोचू लागला; पुढचा प्रवास बैलगाडीने, आठवडे बाजारात. श्रावणात भिंतीवर लावायचा जिवतीचा कागद, मग दुकानदाराने फुकट दिलेले कॅलेंडर. वर्ष संपले तरी देवाचे चित्र कोण फेकणार? ते कापून, चौकटीत बसवून पुन्हा भिंतीवर चढे. त्याच सुमारास मंगळुरी कौले आली. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली त्यांचा पहिला कारखाना काढला होता. कौलारू घराला दर वर्षी माती चढवावी लागत नाही, म्हणून ऐपत आली की लोक धाबे उतरवू लागले.

विसाव्या शतकात हौसेचे काम भिंतीवरून कापडावर सरकले. १९३० पासून निघणारे ‘स्त्री’ मासिक आणि गावोगावचे शिवणवर्ग यांतून विणकाम-भरतकामाचे नमुने पसरले. लग्नातले रुखवत हे त्याचे प्रदर्शनच: काचेच्या नळ्यांची तोरणे, क्रोशाचे रुमाल, लोकरीची फुले, काडेपेटीच्या काड्यांची घरे. लग्नानंतर हीच चीजवस्तू नव्या घराच्या दारावर आणि पेटीवर जाऊन बसे. गोड्या तेलाचा रिकामा डबा रंगवून तुळशीला, जुनी साडी दाराच्या पडद्याला. कमी पैशांत घर सजवण्याची ही रीत आजही सगळ्यांत टिकाऊ ठरली आहे.

सिमेंटने मात्र डागडुजी आणि सजावट यांची मूळ जोडणी तोडली. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला २०१६ पासून सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळू लागले. पक्की भिंत मिळाली, पाऊस गळायचा थांबला आणि बाईचे सारवण सुटले; हा दिलासा फार मोठा आहे. पण या रकमेत घर उभे करता करता रंगाला पैसे उरत नाहीत, आणि सिमेंटवर शेण-माती धरत नाही. त्यामुळे अनेक घरकुले कानबाई येईपर्यंत करडीच राहतात. मग आतून डिस्टेंपरचा एक हात बसतो, दारावर प्लास्टिकच्या फुलांचे तोरण चढते. ओट्याच्या कडेला गेरूचा पट्टा अजूनही ओढला जातो. तो गेरू आता किराणा दुकानातून पुडीने येतो आणि गुळगुळीत सिमेंटवरून सुटू नये म्हणून त्यात फेव्हिकॉलचे दोन थेंब टाकतात.