तळटीप : ‘देसाई सोडायला नको होता’

२७. रायगडाच्या पायथ्याशी, रोपवेच्या खालच्या स्थानकाजवळ वसलेल्या हिरकणीवाडीतली ही तक्रार प्रो कबड्डीच्या २०१९च्या लिलावाविषयी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातला चढाईपटू सिद्धार्थ देसाई २०१८मध्ये यू मुंबाकडून गाजला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. संघ मोडला, असे अनेकांना वाटले; ती हळहळ खरी होती. पण त्या हंगामात यू मुंबा उपांत्य फेरीत पोहोचला आणि टायटन्स बारा संघांत अकरावे आले. कारण शोधायचे तर मुंबाच्या डाव्या कोपऱ्यात पाहावे. इराणचा फझल अत्राचली तिथे उभा असे. हॉकीत गोलरक्षकाचे जे मोल, तेच कबड्डीत कोपरारक्षकाचे: चढाईपटू परत फिरताना त्याचा घोटा धरणारा बहुधा तोच. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड साधली, तर तिला अव्वल पकड म्हणतात आणि दोन गुण मिळतात. त्यामुळे पडता संघ सावरतो. नव्याने संघ बांधताना आधी कोपरे भरावेत, हे पुढच्या संवादातल्या म्हाताऱ्याचे म्हणणे मला पूर्ण पटते. मूळ हस्तलिखितात ‘कोपरा’ शब्दाखाली रेघ आहे. ती छापताना राखली आहे. (सं.)