तळे कशासाठी खोदले?

शिलाहारांच्या ठाण्यात साठ देवळे आणि साठ तळी होती, असे सांगतात. आकडे इतके नेमके जुळतात की हा हिशेब लोकस्मृतीचा आहे हे उघड आहे. त्यातली जेमतेम पस्तीस तळी आज शहरात उरली आहेत. मला मात्र हरवलेल्या तळ्यांइतकीच काळजी उरलेल्या तळ्यांच्या काठांची वाटते.

मासुंदा तळ्यालगत कौपिनेश्वराचे देऊळ आहे. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० साली ते नव्याने उभारले. कल्याणचे शेणाळे तळे सुमारे चोवीस एकरांचे, काठावर मोगल अंमलदार मातबरखानाची कबर. त्याचा पुढे काळा तलाव झाला आणि मग कागदोपत्री भगवा तलाव. (नावावर जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी गाळावर पडायला हवी होती.)

उतरत्या काठाच्या तळ्याचे पाणी पावसाळ्यात वर चढते, उन्हाळ्यात मागे सरते. या दोन रेषांमधल्या ओल्या पट्ट्यात लव्हाळा आणि पाणकणीस वाढते, चतुरांच्या अळ्या पोसतात, ढोकरी दबा धरून बसते. घरात नळ आले, तळ्याची रोजची गरज संपली आणि सुशोभीकरण सुरू झाले. सरळसोट भिंत बांधली, फिरायला फरसबंदी केली. पाणी राहिले, पट्टा गेला. निर्माल्य आणि सांडपाणी मिळाल्यावर शेवाळ माजते, रात्री प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे मरून तरंगतात. शोभेच्या कारंज्याने निदान पाण्यात थोडी हवा मिसळते, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

२०२२ साली ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. त्याच शहरातल्या तळ्यांची वाट मात्र अवघड आहे. केंद्राच्या २०१७च्या पाणथळ नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय वगळले. सिंचन, मत्स्यपालन, मिठागरे आणि करमणूक यांसाठी खास केलेली बांधकामेही वगळली. माणसाने खोदलेले प्रत्येक तळे त्यामुळे आपोआप बाद होत नाही. प्रश्न हेतूचा आहे. देवळापुढचे, स्नानाचे, गुरांचे, धुण्याचे असे सर्वांचे तळे यांपैकी कोणत्या रकान्यात बसते? माझ्या मते कोणत्याच नाही. आज तिथे नौकाविहार चालतो म्हणून ते करमणुकीसाठी खोदले होते, असे म्हणता येणार नाही.

हे सिद्ध करायचे तर देवस्थानांची दप्तरे, इनामाचे कागद आणि जुने भूमापन नकाशे एकत्र वाचावे लागतील. पायऱ्या कोणत्या बाजूला होत्या आणि गुरे कुठून उतरत, एवढे जरी त्यातून कळले तरी पुढच्या दुरुस्तीच्या वेळी भिंत कोणत्या बाजूला नको, हे नकाशावर दाखवता येईल.