खैरातच्या शाळेतील संगणक

आमच्या पनवेलला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात खैरात धनगरवाडा ही लहानशी वस्ती आहे. २००७ साली तेथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेतील सुमारे २२ मुलांच्या हाती प्रत्येकी एक हिरवा-पांढरा संगणक आला. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील तो पहिला प्रयोग होय. त्याची पूर्वपीठिका उद्बोधक आहे.

सोबत नेता येणारा आणि बाजारात यशस्वी ठरलेला पहिला संगणक १९८१ साली अमेरिकेत आला. त्याचे कर्ते अॅडम ऑस्बर्न यांचे बालपण तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे गेले होते. शिवणयंत्राच्या पेटीसारख्या त्या यंत्राचे वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा आणि किंमत १,७९५ डॉलर होती. शिवाय ते भिंतीतील विजेवाचून चालत नसे. १९८२ साली आलेल्या ग्रिड कंपासचा पडदा कळफलकावर मिटत असे. तो अंतराळयानातूनही गेला. मात्र त्याची किंमत ८,००० डॉलरांहून अधिक होती. यंत्राचे ओझे कमी झाले, किमतीचे नव्हे.

२००५ साली निकोलस निग्रोपॉन्टे यांनी १०० डॉलरांच्या संगणकाची कल्पना मांडली. तयार झालेल्या यंत्राचे वजन दीड किलोहून कमी होते. आपटले तर बिघडेल अशी फिरती तबकडी त्यात नव्हती. धूळपाण्यापासून जपणारा रबरी कळफलक होता आणि भर उन्हातही पडदा वाचता येई. इंटरनेट नसतानाही शेजारची यंत्रे परस्परांशी जोडली जात. खेड्यातील बालकाचा विचार करून यंत्र घडवले गेले, हे त्याचे मोठेपण.

परंतु २००७ मध्ये त्याची किंमत १८८ डॉलरांच्या आसपास गेली. त्यापूर्वीच, २००६ साली, आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने योजना नाकारली होती. शाळा आणि शिक्षक ही गरज अधिक निकडीची, असे त्याचे म्हणणे होते. कोट्यवधी मुलांचे स्वप्न काही लाखांवरच थांबले. स्वस्त व लहान लॅपटॉपांना मात्र त्याने चालना दिली.

वाचकहो, दोन्ही पक्षांत तथ्य आहे, असे आम्हांस वाटते. चांगले यंत्र गरिबाच्या मुलालाही मिळावे, ही मागणी न्याय्यच होती. पण त्या २२ मुलांना शिकवणारा शिक्षक एकच होता, हेही विसरून चालणार नाही. आपल्या घरांत मुलांच्या हाती यंत्रे देताना त्यांच्याशेजारी बसणारे कोणी आहे का, हा प्रश्न आपणही स्वतःला विचारावा.