रायपूरची सतरा नावं

रायपूरला पोस्टिंग आली आणि तात्यापाऱ्यात मराठी कानावर पडलं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथवर होता. १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं.

जवळच्या जयस्तंभ चौकात सोनाखानच्या नारायण सिंहांची आठवण जपली आहे. त्यांना १० डिसेंबर १८५७ ला फाशी झाली. १८ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी इथल्या तिसऱ्या पलटणीतल्या हनुमान सिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला घरात घुसून मारलं. बाकीची पलटण उठली नाही. हनुमान सिंह निसटला, पुढे कधीच सापडला नाही. मागे राहिलेले सतरा जण २२ जानेवारीला फासावर गेले.

वर्दीतला माणूस म्हणून हे लिहिताना मी अडखळतो. असा वार कुठल्याही पलटणीत गुन्हाच. पण चार दिवसांत सतरा फाशी? त्याला न्याय म्हणायला माझी जीभ वळत नाही.

खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दगडादगडावर हुद्दा आणि नाव वाचलं होतं. इथे मी विचारलं, या सतरांची माती कुठे? कुणाला सांगता आलं नाही. नावं मात्र आहेत: हवालदार गाजी खान, अब्दुल हयात, मातादीन, ठाकूर सिंह, पन्नालाल, नजर मोहम्मद... सगळी सतरा डायरीत उतरवून घेतली.