पंधरा की एकसष्ट? : फिरत्या घरातल्या दुसऱ्या बॅटरीचा इतिहास

मोटारीच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात रिले मागितला, तर हातात येणाऱ्या काळ्या चौकोनी डबीच्या पायांशी ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे उठवलेले दिसतात. आपला ऑटो इलेक्ट्रिशियन ते तोंडपाठ म्हणतो; ते आले कुठून हे त्याला कुणी विचारत नाही. आले जर्मनीहून. मोटारीतल्या तारांच्या टोकांना क्रमांक देणाऱ्या 'डीआयएन ७२५५२' या जर्मन मानकातले हे आकडे. ३० म्हणजे बॅटरीच्या धन टोकाकडून थेट आलेली तार, ३१ म्हणजे अर्थ, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, ५० म्हणजे सेल्फकडे जाणारी. आणि ६१ म्हणजे चार्जिंगच्या लाल दिव्याची. मला सांगायचा आहे तो १५ आणि ६१ यांच्यातल्या गफलतीचा इतिहास. जुन्या कॅम्पर गाड्यांच्या वायरिंगचे नकाशे वाचत बसण्याचा मला नाद आहे, आणि त्या नकाशांत ही गफलत पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

फोक्सवॅगनची 'टाइप २' ही डबेवजा गाडी १९५० साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कारखान्याने तिच्यात बसवायची 'कॅम्पिंग बॉक्स' काढली : झोपायची सोय, कपाट, थोडीफार स्वयंपाकाची मांडणी. त्या घराची विजेची गरज नगण्य होती. एखादा दिवा लागला तर लागला. गाडीत डायनॅमो, सहा व्होल्टची एक बॅटरी, आणि इंजिन थांबल्यावर बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत जाऊ नये म्हणून कटआउट. एवढ्यावर भागत होते.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. पहिली, अल्टरनेटर. १९६० च्या प्लिमथ व्हॅलियंटपासून तो अमेरिकी गाड्यांत सर्रास येऊ लागला. सिलिकॉन डायोडमुळे कटआउटची गरज संपली आणि कमी वेगातही भरपूर करंट मिळू लागला. दुसरी गोष्ट म्हणजे फ्रीज. प्लाटेन आणि मुंटेर्स या स्वीडिश तरुणांनी १९२२ मध्ये शोधलेला, उष्णतेवर चालणारा फ्रीज गॅसवर चालतो, घरच्या विजेवर चालतो आणि बारा व्होल्टवरही चालतो. पण बारा व्होल्टवर तो बॅटरीचा अक्षरशः फडशा पाडतो. म्हणून मुक्कामाच्या कामासाठी दुसरी बॅटरी आली. सेल्फच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर प्रचंड करंट देण्यासाठी; मुक्कामाची बॅटरी आपल्या घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या जातीची, जाड प्लेटांची, हळूहळू उतरणारी.

दोन बॅटऱ्या, चार्ज करणारा एकच. गाडी चालू असताना दोघी जोडलेल्या हव्यात, इंजिन बंद होताच तुटायला हव्यात. यावरची जुनी युक्ती मला फार आवडते. अल्टरनेटरच्या डी-प्लस टोकाशी, म्हणजेच ६१ च्या तारेवर, इंजिन थांबलेले असताना व्होल्टेज जवळजवळ नसते, म्हणून लाल दिवा पेटतो. चार्जिंग सुरू झाले की तिथे पूर्ण व्होल्टेज येते आणि दिवा विझतो. रिलेची कॉइल या तारेवर जोडली की दिवा विझल्यावरच बॅटऱ्या एकत्र येतात. सेल्फ मारताना त्या अलग असतात, हे विशेष महत्त्वाचे.

पण ६१ ची तार शोधायला इंजिनापर्यंत जावे लागते, आणि या गाड्यांचे इंजिन मागे. १५ ची तार डॅशबोर्डखाली हाताशी असते. सुटीच्या दिवशी गॅरेजमध्ये काम करणाऱ्याने कुठली निवडली असेल, ते सांगायला नको.

परिणाम उशिरा दिसतात. जर्मनीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने एक जुनी 'टी-३' घेतली. १९७९ साली आलेल्या या पिढीत सेल्फची बॅटरी पुढच्या सीटखाली असते. एके दिवशी त्याचा फोन आला, "मामा, तिसरी बॅटरी गेली. अल्टरनेटर बदलू का?" म्हटले, आधी मीटर काढ. इंजिन बंद, किल्ली काढलेली. दोन्ही बॅटऱ्यांवर १२.४ व्होल्ट. मग आतले सगळे दिवे लावायला सांगितले. मुक्कामाची बॅटरी खाली येऊ लागली आणि तिच्या मागोमाग सेल्फचीही. रिलेच्या कॉइलची तार उपसली, तरी तेच. म्हणजे रिलेचे संपर्क वितळून चिकटले होते.

का चिकटले? कॉइल १५ वर होती. किल्ली फिरताच रिले बंद होई, आणि सेल्फने शंभराहून जास्त अँपियर ओढले की त्यातला मोठा वाटा मुक्कामाच्या बॅटरीतून त्या बारीक तारेने धावे. फ्यूज उडत असणार, कारण आधीच्या कुणा मालकाने तिथे ८० अँपियरचा बसवला होता. तारेचे इन्सुलेशन एका ठिकाणी काळे पडले होते. मग रात्री दिवे लावले की दोन्ही बॅटऱ्या उतरत; पातळ प्लेटांच्या बॅटरीला असे खोल उतरणे सोसत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. आणि गाडी चालू असताना दोघींवर चार्जिंगचे व्होल्टेज व्यवस्थित दिसे, त्यामुळे वायरिंगवर कुणाचा संशयच जाईना. बॅटरीच्या माथी दोष मारणे सगळ्यात सोपे. ती बदलताही येते.

दुसरा नेहमीचा दोष तारेच्या जाडीचा. सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे सुमारे २९ मिलिओहम रोध. तीस अँपियर वाहिले की ०.८६ व्होल्ट तारेतच जिरतात, १४.२ निघाले तर १३.३ पोचतात, आणि लेड-ॲसिड बॅटरी फार हळू भरते. मीटर लोडशिवाय लावला तर हे दिसतच नाही, कारण करंट नसेल तर व्होल्टेजही पडत नाही. मोजायचे ते लोडवर, तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अर्थच्या बाजूलाही तसेच.

नव्या गाड्यांत प्रश्न उलटा झाला आहे. युरो-६ काळातल्या बऱ्याच अल्टरनेटरांचे व्होल्टेज गाडीचा संगणक ठरवतो : ब्रेक लावताना वाढवतो, सपाट रस्त्यावर इंधन वाचवण्यासाठी साडेबाराच्या आसपास उतरवतो. रिले बंद असतो, चार्जिंग होत नाही. त्यात लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली. पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी १९९७ मध्ये तिच्या पदार्थावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिचा अंतर्गत रोध इतका कमी, की जुना अल्टरनेटर देईल तेवढे ती ओढते आणि तो तापतो. म्हणून रिलेच्या जागी आता डीसी-डीसी चार्जर बसवतात. तो करंटला मर्यादा घालतो आणि वीज एकाच दिशेने जाऊ देतो, सेल्फकडे उलटी कधीच नाही. अनेक नव्या अल्टरनेटरांना ६१ चे टोकच उरलेले नाही. ते संगणकाशी वेगळ्या तारेने बोलतात. चार्जरवर 'डी-प्लस' असा छाप मात्र बऱ्याचदा अजून असतो, आणि अशा गाडीत तिथे कोणती तार जोडायची म्हणून माहितीपुस्तिका उघडली, तर उत्तर मिळते : १५.